जनुक नंतर, आधी मूठ तपासा

हिंजवडीच्या आयटी पार्कलगतचा मारुंजी, जांबे, नेरे हा मुळशीतला पट्टा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पार बदलला. भातखाचरं गेली, गृहसंकुलं आली. या बदलात दोन तऱ्हांचे म्हातारे शेजारी झाले: जमीन विकली गेल्यावर ज्यांच्या हाताला काम उरलं नाही असे गावकरी, आणि नोकरदार मुलांकडे राहायला आलेले आईवडील. दोघांचंही अंग चालायचं थांबलं आहे. आणि दोघांच्याही घरी, कुणी नावं विसरू लागलं की ‘वयाचं झालं’ म्हणून सोडून दिलं जातं, नाहीतर ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ असा निकाल लागतो. या दुसऱ्या समजुतीवर आता घरपोच जनुकीय चाचण्यांचा धंदा चालतो. माझं म्हणणं असं की साठीनंतर स्मृतिभ्रंशाची काळजी असेल, तर पहिला खर्च आणि पहिले कष्ट स्नायूंवर व्हावेत.

जनुकांचा धोका खोटा नाही. एपीओई जनुकाचा ई-४ हा प्रकार एका पालकाकडून आला तर अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट होतो, दोघांकडून आला तर त्याहून बराच जास्त. पण हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. शिवाय ई-४ असूनही अनेकांना हा आजार होत नाही. उलट ब्रिटनच्या यूके बायोबँकेत 2006 ते 2010 दरम्यान सुमारे पाच लाख लोकांची नोंदणी झाली आणि त्यांच्या हाताची पकडही मोजली गेली. ज्यांची पकड कमजोर, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळला. फिनलंडच्या ‘फिंगर’ प्रयोगात साठी ओलांडलेल्या बाराशेहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबावर लक्ष असा एकत्र कार्यक्रम दिला. त्यात स्नायूंना ताकद देणारे व्यायामही होते. फायदा ई-४ असलेल्यांनाही झाला.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. अल्झायमर लक्षणं दिसण्याच्या दहा-वीस वर्षं आधी मेंदूत सुरू होतो, मग ढिली पकड कारण कशावरून, ती आजाराचीच पहिली खूण नसेल कशावरून? असेलही. पण खूण म्हणूनसुद्धा ती स्वस्तात कळते, हे कमी नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ‘लासी-डॅड’ या भारतीय पाहणीनुसार साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. जन्मभर लावणी-कापणी केलेल्या बाईला मग कष्टांनी का वाचवलं नाही? कारण अर्धपोटी राबणं म्हणजे व्यायाम नव्हे, आणि शाळा, रक्तदाबाचं औषध, कानाचं यंत्र यांची उणीव नुसत्या मनगटाने भरून निघत नाही. ब्रिटनमधल्या ‘डापा’ चाचणीत तर आजार जडल्यावर दिलेल्या कडक व्यायामाने बुद्धीची घसरण थांबली नाही. म्हणजे सांगणं आधीच्या वर्षांचं आहे, आणि पोटात डाळ, अंडं, दूध जाण्याच्या अटीवर आहे.

जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. आपण मात्र ‘रोज चालतो की!’ एवढ्यावर समाधानी असतो. आणि गावोगावच्या ओपन जिममधल्या बऱ्याच झोपाळेवजा यंत्रांवर ताण हळूहळू वाढवण्याची सोयच नसते. स्नायूंच्या झिजेवरच्या आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषानुसार पुरुषाची पकड 28 किलोखाली, बाईची 18 किलोखाली गेली, किंवा खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायूंकडे लक्ष द्यायला हवं. खुर्ची आणि घड्याळ आरोग्य केंद्रात असतंच. आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजतात तिथेच ही परीक्षाही घ्यावी, आणि संकुलांनी आपल्या एसी जिमचा एक तास म्हाताऱ्यांसाठी, गावातल्यांसह, राखून ठेवावा. जनुकीय चाचणी ज्यांना हवी ते नंतर करोत. तिचा निकाल काहीही आला तरी डॉक्टर जे सांगतील त्यात व्यायाम असणारच आहे.