जुना बाजार आणि नवे उमाळे

अलीकडे आमच्या सुशिक्षित वर्गास जुन्या बाजारपेठांविषयी मोठा उमाळा येऊ लागला आहे. एखादा दिवाळी अंक उघडावा, एखाद्या शाळेच्या महोत्सवाची स्मरणिका चाळावी, अथवा बीड, अंबाजोगाई, माजलगाव, धारूर अशा गावाहून पुण्यास येऊन स्थिरावलेल्या गृहस्थाच्या आठवणी वाचाव्या. चित्र बहुधा एकच असते. पेठेच्या तोंडाशी वाण्याचे दुकान, गादीवर बसलेले आणि घरातील प्रत्येक मुलाचे नाव ठाऊक असलेले शेटजी, त्यांनी हातावर ठेविलेला गुळाचा खडा, कापडाचे ठाण उलगडणारा चाटी, कानात अत्तराचा फाया खोचणारा अत्तार, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी जणू एका पंक्तीस बसलेले सारे गाव. मग लेखक सुस्कारा टाकतो. हल्ली बोटाच्या टोकाने मागविलेली वस्तू कोणी अनोळखी मुलगा दारात टाकून जातो, पूर्वीची माणुसकी गेली, असे म्हणतो आणि लेखणी खाली ठेवितो.

हे चित्र खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते अर्धे आहे, आणि ज्या अर्ध्याच्या जोरावर तो बाजार चालत होता नेमके तेच त्यातून गळाले आहे, अशी आमची तक्रार आहे. शेटजींस घरोघरच्या मुलांची नावे ठाऊक असत, कारण घरोघरचे खाते त्यांच्या वहीत असे. त्या आपुलकीचा सारा हिशेब मोडी अक्षरांत उतरून लाल बासनात बांधलेला असे, आणि दिवाळीत त्यावर हळदकुंकू वाहिले जाई. ती वही न वाचता बाजाराविषयी गहिवरणारा लेखक आणि ग्रंथ न उघडता अभिप्राय देणारा परीक्षक ह्यांच्यात आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

प्रथम मुलूख कोणता व काळ कोणता ते पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी बीड हा निजामाच्या राज्यातील एक जिल्हा होता, आणि अंबाजोगाईस सरकारी कागदोपत्री मोमिनाबाद म्हणत. १८९१ च्या शिरगणतीत ह्या जिल्ह्याची वस्ती सुमारे ६ लाख ४२ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ४ लाख ९२ हजार भरली. दहा वर्षांत दीड लाख माणसे उणी झाली. कोणी मेली, कोणी देशांतरास गेली. मध्ये १८९७ चा आणि त्याहून भयंकर असा १८९९-१९०० चा, ज्यास आमची वडील मंडळी 'छप्पन्नाचा दुष्काळ' म्हणत तो, असे दोन दुष्काळ पडले होते. ज्या पेठेच्या मायेचे वर्णन आपण वाचतो ती पेठ ह्या दुष्काळातून उरलेल्यांची होय. त्या दोन वर्षांत पेवे कोणाची भरलेली होती, ती केव्हा उघडली आणि कोणत्या भावाने उघडली, हा प्रश्न एकाही स्मरणिकेत विचारलेला आमच्या पाहण्यात नाही.

आता त्या बाजारातील अगदी साधी खरेदी घेऊ. समजा, पाटोद्याकडील एक कुणबी लेकीच्या लग्नाचे लुगडे घ्यावयास बाजारी आला आहे. रोकड त्याजपाशी नाही. गाडीत ज्वारीची पोती आहेत. आडत्याच्या ओट्यावर दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवितात. ज्याचा माल त्यासच भाव शेवटी कळावयाचा, आणि शेजारच्या गाडीस काय मिळाले हे तर कधीच कळावयाचे नाही. मग मापाडी माप घालतो. चार शेरांची पायली आणि सोळा पायल्यांचा मण, असे आम्हांस शाळेत पाठ करविले होते. परंतु कोठे बारा पायल्यांचाही मण होता, शेर गावोगाव निराळा होता, आणि पायलीवर शीग किती चढवावी हे मापाड्याच्या मनगटावर अवलंबून होते. माप संपले की कडता कापावयाचा, मग हमाली, मग धर्मादाय, मग ज्याच्या त्याच्या हक्काची फसकी. उरले ते पैसे.

पण पैसे तरी कोणते? राज्यात हाली शिक्का चाले, सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार. १०० कलदार रुपयांस सुमारे ११६ ते ११७ हाली पडत. लुगड्याचे सूत असो की ठाण असो, मुंबई वा सोलापूरकडून आले की त्याची किंमत कलदारात, वाटेत करोडगिरीच्या नाक्यावर शेकडा ५ जकात, आणि कुणब्याच्या हाती हाली. ह्या तिन्हींमधील वटाव दुकानदाराने आपल्या अंगावर घेतला असेल असे मानण्याइतके भोळे आमचे वाचक नसावेत. पुरे पडले नाही म्हणजे बाकी खात्यावर, आणि पुढील मृगास बियाणे हवे झाले की वाढीदिढीने धान्य. पेरणीस एक मण न्यावयाचे, सुगीस सव्वा किंवा दीड मण आणून घालावयाचे. बाजार, दुकान, तराजू आणि बाकी हे चारही शब्द फारशी-अरबीतून मराठीत आले, आणि 'गिऱ्हाईक' तेवढा संस्कृत ग्राहकाचा वंशज. त्या चौघांत तो जसा एकटा पडतो, तसाच पेठेतही पडत असे.

ह्यावर कोणी म्हणेल की सावकारी सर्वत्र होती, बीडचेच गाऱ्हाणे कशास? अगदी खरे. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्याच दिवशी, शेतकऱ्यांनी दुकाने फोडून वह्या आणि खते जाळली, आणि दंग्याचे लोण नगर जिल्ह्यात पसरले. त्या रागाचा परिणाम म्हणून १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि पुणे, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांत न्यायाधीशास खताच्या पाठीमागे जाऊन मूळ देणे तपासण्याची मुभा मिळाली. मात्र जामखेडच्या कुणब्यास मिळालेली ही सोय काही कोसांवरील पाटोद्याच्या कुणब्यास नव्हती. त्याचे राज्य निराळे. वऱ्हाडात कारंजास नियंत्रित बाजार १८८६ मध्येच सुरू झाला होता. निजामाच्या राज्यात बाजाराचा कायदा १३३९ फसलीत, म्हणजे १९३० च्या सुमारास झाला, आणि सावकारांविषयीचा १३४९ फसलीत. स्मरणिकांतील सोनेरी काळ म्हणतात तो ह्यापूर्वीचा. त्या काळी रुमालाखालील बोटांवर देखरेख करणारे कोणी नव्हते.

दुकानदार राक्षस होता असे मात्र कोणी समजू नये. तोही कोणाचा तरी ऋणको होता. जालन्यास आगगाडी आली, बार्शीस १८९७ मध्ये लहान गाडी आली. बीड शहरास मात्र ती दिसावयास २०२५ साल उजाडावे लागले. तोवर मीठ, घासलेट, कापड, जे जे म्हणून बाहेरचे ते बैलगाडीने आणि पुढे मोटारीने घाट चढून येई, आणि त्या मालाचे पैसे मोठ्या पेठेतील व्यापाऱ्यास देणे असत. पाऊस गेला तर कुळाबरोबर तोही बुडे. पडत्या वर्षी त्याने दिलेल्या उधारीवर कित्येक घरांच्या चुली पेटल्या, हे आम्ही हात आखडता न घेता लिहितो. कित्येक दुकानदार धर्मशाळा बांधीत, पाणपोई घालीत, शाळेस देणगी देत. हे सारे मान्य करूनही त्याच्या उधारीस उधारी म्हणावे, तीस प्रेम म्हणू नये, इतकाच आमचा आग्रह आहे.

आता पंक्तीविषयी. सारे गाव एका पंक्तीस बसले होते म्हणे! बीडच्या चामड्याच्या छागली त्या काळी दूरवर नावाजलेल्या होत्या. उन्हातान्हात प्रवास करणाऱ्या पुष्कळांस छागलीतील पाणी चालत असे. ती शिवणाऱ्याच्या हातचे पाणी चालत नसे. तो दुकानी आला तर पैसा पायरीवर ठेवी, आणि जिन्नस वरून त्याच्या पदरात पडे. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतल्यावरून डॉ. आंबेडकर व त्यांचे सोबती ह्यांस काय ऐकून घ्यावे लागले ते त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. आणि तेथे हरकत घेणारे मुसलमान होते, म्हणजे ह्या एका बाबतीत दोन्ही धर्मांचे एकमत होते. आमच्या पांढरपेशा घरांतील बायकांस तर बाजार बहुतेक ऐकूनच ठाऊक. कासार किंवा मण्यार दारी येई तेवढाच त्यांचा बाजार. पाटी घेऊन बाजारात बसत त्या माळणी आणि बागवानिणी, व त्यांच्या आठवणी लिहून घ्यावयास अद्याप कोणी गेलेले नाही. मग ही सर्वांची आठवण म्हणून जी सांगितली जाते ती वस्तुतः एका जातीच्या, एका वयाच्या मुलग्याची आठवण ठरते. गुळाचा खडा त्याला मिळाला, ह्यात संशय नाही.

हिंदू-मुसलमानांच्या सलोख्याचीही अशीच गोष्ट आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी ह्यांच्यावाचून पेठेचे पान हालत नसे, आणि शहेनशाह वलीच्या उरुसात व कंकालेश्वराच्या जत्रेत दुकाने मांडणारे पुष्कळदा तेच ते असत. हे खरे आहे आणि आनंदाचे आहे. परंतु आधी रझाकारांनी हिंदूंवर केलेले अत्याचार आणि मग सप्टेंबर १९४८ नंतर मुसलमानांवर उलटलेला सूड, ह्या दोन्हींचा घाव ह्याच पेठांवर पडला, आणि सुंदरलाल समितीच्या अहवालात ज्या जिल्ह्यांची नावे आहेत त्यांत बीडही आहे. एकमेकांचे खाते असणे म्हणजे एकमेकांचा आधार असणे नव्हे, हे त्या वर्षी उघड झाले. स्मरणिका १९४७ पर्यंत येतात आणि एकदम महाराष्ट्र-स्थापनेवर उडी मारतात.

ह्या सर्वांवर प्रतिपक्षाचे एक उत्तर आहे, आणि ते टाकाऊ नाही. ते असे की, काही झाले तरी तेथे ओळख होती, आज तीही नाही. ओळख होती खरी. पण ज्याच्या ओळखीतून सुटका नाही त्याला तिची किंमत विचारावी. खाते एका दुकानी असले म्हणजे दुसऱ्या दुकानाची पायरी चढण्याची सोय राहत नसे. नवे लुगडे नेसून बाई बाहेर पडली की बाकीची आठवण भर पेठेत दिली जाई. आणि आज दारात वस्तू टाकून जाणाऱ्या मुलाविषयी जे हळहळतात त्यांना त्याचे नाव विचारण्यास कोणी मनाई केलेली नाही. त्याचे गाव विचारावे. कदाचित गेवराई किंवा केज निघेल.

कारण ती वही मिटलेली नाही. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडावयास निघतात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात. एक दिवस चुकला तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. हंगाम संपतो तेव्हा बाकी पुष्कळदा उरलेलीच असते, आणि ती फेडावयास पुढील वर्षी पुन्हा तोच मुकादम. मुकादमही बहुतेक ओळखीचा, गावचा, नात्यातला. कामात खंड पडू नये म्हणून ह्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया होत असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा २०१९ साली सरकारास चौकशी समिती नेमावी लागली. उधारीस आपुलकी म्हणण्याची सवय ज्या समाजाने लावून घेतली, त्याला उचलीतील फास दिसावयास इतका उशीर लागला ह्यात आम्हांस नवल वाटत नाही.

आणि इकडे मूळ पुरावा रद्दीत चालला आहे. पेठांतील वाडे पाडले जात आहेत, माळ्यावरील रोजकीर्दी आणि खतावण्या किलोच्या भावाने जात आहेत, काही पुण्यकर्म म्हणून नदीत सोडल्या जात आहेत. अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी इतक्या शतकांनंतरही भक्तिभावाने जपलेली आहे, आणि ते योग्यच आहे; ज्या गावास कापडावरील अक्षरांचे मोल कळते त्यास बासनातील अक्षरांचे कळू नये, हे मात्र विचित्र. मोडी वाचणारे थोडे राहिले आहेत हे खरे, तथापि ती लिपी काही महिन्यांत शिकता येते, आणि आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी इतिहासाचे जे पदवीधर बाहेर पडतात त्यांना ह्याहून उपयोगी काम आम्हांस सुचत नाही.

काही व्यापारी घराण्यांस वाटते की वह्या बाहेर गेल्या तर कोणाच्या आजोबांचे किती देणे होते हे उघड होईल, आणि आपल्याही आजोबांचा व्याजाचा दर उघड होईल. पहिली भीती रास्त आहे. कुळांची नावे झाकून नकला करता येतील. दुसरीस आमच्यापाशी उपाय नाही. माजलगावच्या, धारूरच्या किंवा बीडच्या कोणा वाड्यात १८९९ ते १९०१ ह्या तीन वर्षांची रोजकीर्द सलग मिळाली, तर ज्वारीचा भाव कोणत्या आठवड्यात किती चढला, कोणत्या आळीस धान्य उधार मिळाले, कोणत्या आळीस नाकारले, आणि कोणती खाती त्यानंतर पुन्हा कधीच उघडली नाहीत, हे तारीखवार लावता येईल. स्मरणिकेच्या पुढील आवृत्तीस निदान तेवढी पाने जोडावीत.