पदवीच्या वर्गातील लेखशोध : गागोदे आणि रोहे यांच्या निमित्ताने

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधन-प्रकल्पाला स्थान मिळाले आणि जे काम पूर्वी एम. फिल.च्या उंबरठ्यावर सुरू होत असे, ते पदवीच्या वर्गापर्यंत येऊन ठेपले. पेण किंवा रोहे येथे राहून मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही आता संदर्भलेख शोधावे लागणार आहेत. ते कोठे व कसे शोधावेत, आणि हाती आलेल्या लेखाची योग्यता कशी ठरवावी, हे मात्र वर्गात क्वचितच शिकविले जाते. बहुधा अध्यापकच पाचसहा लेखांची नावे सांगतो. ही मदत नव्हे. विद्यार्थ्याच्या वाट्याचे निम्मे संशोधन अध्यापकाने करून टाकणे होय.

विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. विनोबांचा जन्म १८९५ मध्ये पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ मध्ये महाडजवळील नाते येथला; परंतु त्यांचे बालपण रोह्याशी निगडित आहे. एकाने भगवद्गीता मराठीत आणली, दुसऱ्याने मेघदूत. ‘गीताई’ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि देशमुखांचा मेघदूताचा अनुवाद १९४४ मध्ये, म्हणजे ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना. संस्कृतातून मराठीत झालेल्या पद्यानुवादांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या तेथील विद्यार्थ्याला याहून जवळचा विषय कोणता?

अडचण पहिल्याच पावलावर येते. ग्रंथालयाच्या सूचीत ‘देशमुख, चिं. द.’ या नोंदीखाली अर्थमंत्री भेटतो, अनुवादक भेटत नाही. अनुवादकाला गाठायचे तर कालिदास, मेघदूत, भाषांतर या शीर्षकांखाली जावे लागते. कृष्णशास्त्री चिपळूणकर, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांता शेळके यांच्या मेघदूतांवरील लेखांत देशमुखांचा उल्लेख कदाचित एखाद्याच परिच्छेदात असेल. पण तो परिच्छेद संपूर्ण गौरवलेखापेक्षा अधिक उपयोगाचा ठरू शकतो. विनोबांच्या बाबतीत गोंधळ निराळा. ‘भावे, वि.’ एवढ्यावर विसंबणाऱ्याच्या हाती ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्यावरील लेख पडण्याचा संभव असतो. जिल्ह्याच्या नावाचेही तसेच आहे. १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. त्यापूर्वीचे लेख ‘रायगड’ या शब्दाने शोधणाऱ्यास किल्ला सापडेल, जिल्हा सापडणार नाही. रोहे आणि रोहा ही दोन्ही रूपे पाहावी लागतात ती वेगळीच.

भ्रमणध्वनीवर सर्व काही मिळते, हा समज येथेच कोसळतो. जुन्या नियतकालिकांची पाने मोठ्या प्रमाणावर संगणकावर उपलब्ध होत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्यांतील पुष्कळशी पाने केवळ छायाचित्रे आहेत. शब्द टाकून ती उघडत नाहीत. लेखकाचे नाव, नियतकालिक आणि वर्ष आधी ठाऊक असावे लागते. म्हणूनच शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’सारख्या कामाची आवश्यकता यंत्रामुळे कमी झालेली नाही. तिचा १९४३ मध्ये निघालेला पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांचा आहे. त्यात लेख मिळणार नाहीत, पण कोणत्या वर्षांच्या अंकांत परीक्षणे शोधावीत याचा माग मिळतो.

लेख सापडल्यावर त्याची पारख कशाने करावी? अलीकडे या प्रश्नाला एकच उत्तर तयार असते : नियतकालिक मान्यताप्राप्त यादीत आहे काय? हे उत्तर आळशीपणाचे आहे. २०१८ च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने स्वतःच्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली आणि त्यानंतर आलेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये थांबविली. १९३७ मध्ये बंद पडलेले ‘विविधज्ञानविस्तार’ आणि १९८२ मध्ये संपलेली ‘सत्यकथा’ यांना अशा यादीत जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अध्यापकाच्या बढतीसाठी निर्माण झालेले माप विद्यार्थ्याच्या वाचनाला लावणे सर्वथा गैर होय.

खरी कसोटी लेखाच्या आत असते. लेखकाने मूळ संहिता पाहिली आहे काय, हा पहिला प्रश्न. ‘गीताई’ची रचना १९३०-३१ मधील, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये झाली ती ‘गीता प्रवचने’, आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. या दोहोंची गल्लत करणारा लेख शैलीने कितीही रसाळ असला तरी त्यातील इतर विधाने तपासल्यावाचून स्वीकारू नयेत. दुसरा प्रश्न लेखाच्या प्रसंगाचा. देशमुखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडले आणि १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. या दोन प्रसंगांच्या आगेमागे लिहिलेल्या लेखांतील कृतज्ञता समजण्याजोगी आहे. तिला काव्यसमीक्षा समजण्याची चूक मात्र होऊ नये. मूळ श्लोक आणि त्याचा अनुवाद शेजारी ठेवून दोन ओळी तपासणारा लेख, मग तो कोणत्याही अंकात आलेला असो, अशा दहा लेखांहून मोलाचा.

एवढे करावयाचे तर प्रकल्पाची अटही बदलावयास हवी. वीस लेखांच्या यादीऐवजी तीनच लेख मागवावेत आणि त्यांपैकी प्रत्येक कसा सापडला, त्यातील कोणते विधान मुळाशी ताडून पाहिले, हे विद्यार्थ्याने लिहून द्यावे. गुणही त्यालाच द्यावेत. तपासणाऱ्यास अधिक वेळ लागेल, आणि खरा विरोध तेथूनच होण्याचा संभव आहे.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. तालुक्याच्या गावांतील वाचनालयांत व महाविद्यालयांत मासिकांचे जुने बांधीव खंड असतात. कपाटे अपुरी पडली की रद्दीसाठी प्रथम त्यांच्यावरच नजर जाते. असा खंड बाहेर काढण्यापूर्वी मराठी विभागाने त्यातील अनुक्रमणिका उतरवून घ्यावी. एका वर्गाच्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक खंड दिला, तर एका सत्रात गावापुरती लेखसूची उभी राहते, आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाण्यापूर्वी तेथे नेमके कोणते अंक मागावयाचे, हे गावातच कळते.