लघवीचा अहवाल वाचताना

देवासच्या एका वाचकांनी आपल्या लघवीच्या अहवालाची प्रत आम्हांकडे पाठविली आहे. वय ६९. 'पस सेल १८ ते २०' या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढून ते विचारतात की, हा गुप्तरोग तर नव्हे? अहवाल सूनबाईंच्या हाती पडला. तेव्हापासून घरात मान वर करवत नाही.

र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मधून हे विषय उघडपणे मांडले आणि त्यापायी खटलेही सोसले. तरीही धार-देवासच्या आमच्या जुन्या घरांतून हा शब्द अजून ओठांवर येत नाही.

पस सेल म्हणजे पूपेशी. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृष्टिक्षेत्रात सुमारे पाचपर्यंत त्या सामान्य समजतात. अधिक दिसल्या तर मूत्रमार्गात कोठेतरी दाह आहे, एवढेच कळते. साठी उलटलेल्या पुरुषांत त्याचे कारण बहुधा वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, तिच्यामुळे तुंबून राहणारी लघवी किंवा मुतखडा हे असते; मधुमेहानेही जंतुसंसर्ग बळावतो. चारित्र्याचा दाखला प्रयोगशाळा देत नसते!

परंतु याच अहवालात कल्चरपुढे 'वाढ नाही' असा शेरा आहे, त्यावरही विसंबू नये. परमा आणि क्लॅमिडिया यांचे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये सहसा सापडत नाहीत. त्यांचा जनुकीय अंश हुडकणारी तपासणी निराळी. तिचा नमुनाही निराळा. कल्चरला मधल्या धारेची लघवी लागते, हिला अगदी सुरुवातीची, वीस-तीस मिलिलिटर, आणि त्याआधी निदान तासभर लघवी केलेली नसावी. उपदंश व एचआयव्ही यांसाठी रक्तच तपासावे लागते. पूपेशी आहेत पण वाढ नाही, असे मूत्रपिंडाच्या क्षयातही आढळते.

आणखी एक गोष्ट पत्राच्या शेवटी ओझरती आली आहे: नमुना देण्यापूर्वी तीन दिवस घरात उरलेल्या अँटिबायोटिक कॅप्सूल घेतल्या होत्या. मग वाढ दिसावी कशी?

संबंध आला असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे. वय झाले म्हणून हे रोग कोणास वगळीत नाहीत, आणि रोग ठरल्यास जोडीदारासही उपचार हवेत. शासकीय रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये हे बोलणे गुप्त राहते. १०९७ या क्रमांकावर विनामूल्य विचारताही येते. जाताना हा अहवाल आणि त्या कॅप्सूलांचे रिकामे पाकीट, दोन्ही बरोबर न्यावे.