पाण्याखाली झोपलेलं अंडं

फुलपाखरू म्हटलं की बाग, फुलं, कोवळं ऊन असंच चित्र डोळ्यांपुढे येतं ना? आजचं आपलं पाखरू मात्र चक्क दलदलीत राहतं. नाव बॉग कॉपर. बॉग म्हणजे दलदल, कॉपर म्हणजे तांबं. गंमत बघा, नावात तांबं, पण नराचे पंख तपकिरी आणि त्यावर जांभळट झाक! पंख पसरले तरी पाच रुपयांच्या नाण्याएवढंच. आपल्या माळावर गवतात भिरभिरणारी इवली निळी फुलपाखरं याच्याच कुळातली बरं का.

आता उत्तर अमेरिकेचा नकाशा उघडा. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड बेट सापडलं? तिथून पश्चिमेला मिनेसोटापर्यंत आणि दक्षिणेला न्यू जर्सीपर्यंत याचा मुलूख. पण सलग नाही हं! जिथे शेवाळाची दलदल आणि तिच्यात क्रॅनबेरी, तिथेच हे सापडणार. क्रॅनबेरी म्हणजे करवंदासारखं आंबट, लालचुटुक फळ. मात्र करवंदाची काटेरी जाळी असते, ही जमिनीलगत पसरणारी नाजूक वेल.

अळी हिचीच पानं खाते. मोठं झालेलं फुलपाखरू हिच्याच फुलांतला मध पितं, पानांवरचं दवही टिपतं. मादी अंडी घालते तीसुद्धा हिच्याच पानाखाली. घर, ताट, पाळणा, सगळं एकच!

अंडी घातली जातात उन्हाळ्यात, पण अळी लगेच बाहेर येत नाही. ती अंड्यातच बरीचशी वाढते आणि थांबते. मग कडाक्याची थंडी, बर्फ. बर्फ वितळला की पाणी चढतं आणि वेलीसकट अंडं बुडतं. मग अळी गुदमरत नाही का? नाही. कवचातला जीव जवळजवळ झोपेतच असतो, त्याला हवा लागते ती अगदी थोडी. वसंतात अळी बाहेर पडते, हिरवीगार, पानात पटकन दिसूच नये अशी. पुढे कोष, आणि जूनअखेरीपासून ऑगस्टपर्यंत फुलपाखरं. वर्षाला एकच पिढी.

असं हे पाण्याला न भिणारं पाखरू. याला मारतं ते पाणी नसणं. चर खणून दलदल सुकवली की तिथे झुडपं, झाडं माजतात. त्यांच्या सावलीत क्रॅनबेरी टिकत नाही. फुलपाखराला दुसरीकडे उडून जाता येईल, असं वाटतं ना? पण हे जमिनीलगत, हळूहळू उडणारं. ज्या दलदलीत जन्मतं, सहसा तिथेच मरतं.