घामाचा हिशेब

मी कव्वालीच्या पार्टीत ढोलक वाजवतो. पूर्वी कॅसेट निघायची, पाकीट मिळायचं, विषय संपायचा. आता तेच रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं मोबाइलवर वाजतं. पाकीट मात्र एकदाच मिळतं.

२०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत लढले. व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीवर गायक-वादकांचाही हक्क मान्य झाला. पण आपल्यातले किती कलाकार करार वाचून सही करतात?

मोहल्ल्यात संगीत हराम की हलाल यावर रात्र रात्र वाद रंगतो. वादकाच्या मजुरीवर कोणी बोलत नाही. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण तर आपलीच! म्हणून मित्रांनो, स्टुडिओत बसण्याआधी आपलं नाव आणि हक्क कागदावर लिहून घ्या.