शेगडी पेटवा, पण साणे उघडे ठेवा

दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यात थंडी हळूहळू पाय पसरू लागते. दवाखान्यात सर्दी-पडसे, दमा आणि भेगाळलेल्या टाचा यांची गर्दी होते. या गर्दीत दरवर्षी काही रुग्ण असे येतात की, त्यांचे दुखणे थंडीचे नसते. थंडी घालवण्यासाठी घरात जो उपाय केलेला असतो, त्याचे ते दुखणे असते. वाचकहो, आज त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीतील गोष्ट. आठ दिवसांची एक बाळंतीण डोके फार दुखते म्हणून माझ्याकडे आली. मी रक्तदाब पाहिला, तो ठीक होता. ताप नव्हता. जागरण आणि अशक्तपणा असेल असे समजून गोळ्या व टॉनिक लिहून दिले. तिसऱ्या दिवशी घरून बोलावणे आले. जुने माळवदाचे घर. बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा-शेपांची धुरी. खिडकीला गोधडी लावलेली आणि दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. बाळंतिणीला उलट्या होत होत्या, बाळ सुस्त होते, दूध ओढत नव्हते. सोबत निजणारी मावशी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माझंही डोकं दोन दिवसांपासून ठणकतंय."

एकाच खोलीत दोघींचे डोके एकाच वेळी दुखते, याचा अर्थ दुखणे माणसात नसून खोलीत आहे. मी वर पाहिले. माळवदाच्या साण्यावर पत्रा टाकून तो मातीने लिंपून टाकला होता. आम्ही सर्वांना आधी ओसरीवर काढले आणि मग रुग्णालयात हलवून प्राणवायू दिला. मायलेकरू वाचले. परंतु पहिल्याच दिवशी मी साऱ्या चौकश्या केल्या आणि "खोलीत शेगडी आहे का?" एवढे मात्र विचारले नाही, ही माझी चूक होती. तेव्हापासून हिवाळ्यात डोके दुखते म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न मी विचारतो.

यामागचे कारण समजून घेऊ. लाकूड, कोळसा, गोवरी किंवा गॅस यांना जळताना पुरेशी हवा मिळाली नाही तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबतही नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा जसा आधी रांगेत उभ्या असलेल्याला बसू देत नाही, तसाच हा प्रकार. फुप्फुसात प्राणवायू येतो, पण त्याला बसायला जागाच नसते. मग डोके जड होते, मळमळते, गरगरते, झोप येते, आणि त्या झोपेतून कधीकधी माणूस उठत नाही. गर्भवती, तान्ही बाळे, म्हातारी माणसे आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना धोका अधिक.

धूर संपला म्हणजे धोका संपला, असा आपला समज आहे. तो साफ चुकीचा आहे. लालबुंद निखाऱ्यांना धूर नसतो, पण हा वायू त्यांतून निघतच असतो. रात्री निखाऱ्यांवर राख ओढून शेगडी धुमसत ठेवण्याची पद्धत तर सर्वांत घातक.

त्या घरातील आजींनी मला विचारले होते, "आमची पाच बाळंतपणं ह्याच खोलीत झाली, हीच शेगडी होती. तव्हा कसं काही झालं न्हाई?" प्रश्न बिनतोड होता. मी म्हणालो, "आजी, तेव्हा साणे उघडे होते."

आपल्या पूर्वजांनी माळवदाला साणे ठेवले ते केवळ उजेडासाठी नव्हे. धूर, वाफ आणि कोंदट हवा वर जाते, तिला तेथून वाट होती. पुढे पाऊस गळतो, मांजरे उतरतात, चोराची भीती म्हणून साणी बुजली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला आणि मराठवाड्यात माळवदाच्या वजनाचीच धास्ती बसली. कोणी पत्रे टाकले, कोणी स्लॅब ओतला. ते समजण्यासारखे आहे. पण घर बदलताना आपण धुराची वाट बुजवली आणि विस्तव मात्र घरातच ठेवला. माझे सांगणे एवढेच आहे की, घरात जेथे जेथे विस्तव आहे, तेथे तेथे वर एक वाट हवी. मग तो विस्तव शेगडीतला असो, बंबातला असो की भिंतीवर टांगलेल्या चकचकीत गॅस गीझरमधला.

गॅस गीझरबद्दल वेगळे सांगायला हवे. जुन्या घरातील न्हाणी अरुंद असते. तिथे फरशा बसतात, दार घट्ट बसते आणि आत गॅस गीझर लागतो. दहा मिनिटे पाणी चालू राहिले की वायू साठू लागतो. माणूस न्हाणीतच कोसळतो, कधी झटके येतात. घरचे फिट आली म्हणून कांदा हुंगवतात आणि पुढे वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या चालू राहतात. भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांतून केलेली आहे. तेव्हा ज्याला फिट फक्त अंघोळीच्या वेळीच येते, त्याने गोळीआधी गीझर तपासावा.

हा प्रश्न केवळ गरिबाच्या घरातला किंवा अडाण्याचा आहे असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे सहलीला गेलेले केरळचे आठ पर्यटक, त्यांत लहान मुलेही होती, हॉटेलच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईतच गरम पाण्याची आणि शेकोटीची साधने तपासून घ्यावीत. बंबाच्या मधल्या नळकांड्यात काजळी साचली की धूर वर न जाता खालच्या तोंडातून परत येतो. तसे होऊ लागले की नळकांडे साफ करण्याची वेळ आली, असे समजावे. जाळीखालची राख रोज काढावी. पाणी भरल्याशिवाय बंब पेटवू नये, झाळ सुटते. आणि बंबाची जागा परसात किंवा अंगणात, न्हाणीत नव्हे.

गॅस गीझरची ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसू लागली, वरच्या भागावर काळपट डाग आले, किंवा गीझर उशिरा भक्कन पेटू लागला, तर बर्नर चोंदला आहे असे समजून वापर थांबवावा आणि माहितगार कारागिराला बोलवावे. गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आधीच आत असेल तर बाहेर काढून घ्यावा. तोपर्यंत बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार थोडा वेळ उघडे ठेवावे आणि मगच अंघोळीला बसावे. गॅसची रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलावी.

विजेच्या हीटरमध्ये हा वायू नाही, पण जुन्या घरात त्याचे दुखणे निराळे. बोअरच्या जड पाण्यामुळे कांडीवर पांढरा थर चढतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कांडी तडकून पाण्यात वीज उतरते. थर दिसला की कांडी थंड करून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून साफ करावी. तडा दिसला तर टाकून द्यावी, दुरुस्तीच्या फंदात पडू नये. बटण बंद करून, पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. ज्या वाड्यात अर्थिंगच नाही, तेथे आधी तारतंत्रीला बोलवावे, हीटर नंतर आणावा.

बाळंतिणीला ऊब हवीच, नवजात बाळाला तर अधिकच. पण ती ऊब विस्तवाची असण्याची गरज नाही. बाळाला टोपडे, मोजे, दुपटे आणि आईच्या उघड्या छातीची ऊब पुरते. शेक द्यायचाच असेल तर निखारे अंगणात फुलवावेत, दार-खिडकी उघडी ठेवून थोडा वेळ शेकावे, आणि झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर काढावी. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मागे गावात म्हातारी माणसे आणि नातवंडे राहतात. त्यांच्या शेजाऱ्यांनी रात्री एवढी एक गोष्ट डोकावून पाहावी.

घरात एकाहून अधिक माणसांचे डोके दुखत असेल, बाहेर पडल्यावर बरे वाटत असेल आणि आत येताच पुन्हा दुखत असेल, तर दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर यावे. कोणी बेशुद्ध असेल तर मोकळ्या हवेत काढून १०८ला फोन करावा. आणखी एक धोक्याची सूचना. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. या विषबाधेत ते यंत्र फसते. त्याला प्राणवायू आणि हा वायू यांतला फरक कळत नाही आणि ते खुशाल ९८ दाखवते. त्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नये.

घरमालकांनी भाडेकरूची न्हाणी झरोक्याशिवाय देऊ नये. गवंड्यांनी झरोका मागावा लागू नये, तो आपणहून ठेवावा. आणि माझ्या व्यवसायबंधूंनी हिवाळ्यात नाडीबरोबर शेगडीचीही चौकशी करावी. झरोक्याला खर्च एका विटेच्या जागेचा आहे. आज संध्याकाळी आपल्या घरात विस्तवाच्या डोक्यावर वाट आहे की नाही, एवढे एकदा वर मान करून पाहा.