शर्यत संपते, पाठलाग नाही

अमेरिकेतील फ्लोरिडात ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती २०२० अखेर थांबल्या. न्यूझीलंडनेही त्या बंद करण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर केला. अशा निवृत्त कुत्र्यांना कायमचे घर मिळेपर्यंत तिथली काही कुटुंबे तात्पुरते सांभाळतात. घरात आधीच मांजर किंवा छोटा कुत्रा असेल, तर मात्र नुसती माया पुरत नाही.

ग्रेहाउंड वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या या कुत्र्याची पाठलागाची ओढ उपजत असते. शर्यतीत नकली सशामागे धावून ती पक्की होते. सोफ्यावर झोपलेल्या मांजराकडे तो ढुंकूनही पाहणार नाही, पण तेच मांजर अंगणात पळाले, तर झडप घालू शकतो. झोपेत धक्का लागला, तर काही ग्रेहाउंड दचकून चावतातही.

म्हणून सुरुवातीचे काही आठवडे तोंडाला जाळीचे मुसके, गळ्यात पट्टा आणि जेवणाची वेगळी जागा हवीच. घरी कोणी नसताना प्राणी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावेत. मुसके म्हणजे क्रूरपणा, हा गैरसमज आहे. नीट मापाच्या जाळीतून कुत्रा पाणी पितो, धापाही टाकतो.

एवढे करूनही त्याची रोखलेली नजर मांजरावरून हटत नसेल, तर त्याला मांजर नसलेल्या घरी पाठवावे. यात कुटुंबाचे अपयश नाही. हा कुत्रा कुठे सुखाने राहील, हे कायमचे घर देण्याआधी कळावे, यासाठीच तर तात्पुरता सांभाळ असतो.